आपला बंदोबस्त आपण

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, रॉकी पर्वताच्या पूर्वेला पसरलेल्या अफाट गवताळ माळावर एकोणिसाव्या शतकात शायेन लोक राहत. हिवाळाभर त्यांच्या लहान लहान टोळ्या नदीकाठच्या झाडीत विखुरलेल्या असत. उन्हाळा आला की सगळ्या टोळ्या एकत्र येत, तंबूंचे मोठे वर्तुळ उभे राही आणि गव्यांची सामुदायिक शिकार सुरू होई. खायला मांस, तंबूला आणि अंगावर कातडी, अवजारांना हाडे, असे सारे या शिकारीतून मिळे. एखाद्या उतावळ्याने एकट्यानेच पुढे जाऊन बाण सोडला, तर कळप उधळे आणि शेकडो कुटुंबांच्या तोंडचा घास जाई. म्हणून इशारा होईपर्यंत कोणी पुढे जायचे नाही, हा नियम अतिशय कडक होता.

एकदा रोझबड नदीच्या खोऱ्यातून सगळा समाज चालला असताना दोन तरुणांनी हा नियम मोडला. बाकीचे लोक टेकडीवर पोचले तेव्हा खाली ते दोघे कळपात घुसलेले दिसले. त्या दिवसांत बंदोबस्त ‘ढाल’ नावाच्या योद्धामंडळाकडे होता. मंडळाची माणसे घोडे फेकत खाली गेली. त्यांनी दोघांना चाबकांनी फोडून काढले, त्यांचे घोडे ठार केले, बंदुका मोडून टाकल्या. पोरांचा बाप आला, पण त्याने पोरांची बाजू घेतली नाही. चूक तुमचीच, असे त्यांना सुनावले. थोड्या वेळाने मंडळाचा नायकच आपल्या माणसांकडे वळला आणि म्हणाला, की ही पोरे आता बिनघोड्याची, बिनहत्याराची झाली आहेत, त्यांचे काय करायचे ते बोला. एकाने घोडा देऊ केला, दुसऱ्याने दुसरा दिला, बंदुकाही आल्या. ज्यांनी शिक्षा केली होती त्यांनीच त्या दोघांना पुन्हा उभे केले.

कार्ल लेवेलिन हे कायद्याचे अभ्यासक आणि ॲडमसन होबेल हे मानववंशशास्त्रज्ञ. या दोघांनी 1930च्या दशकात म्हाताऱ्या शायेन माणसांकडून असे डझनावारी प्रसंग टिपून घेतले आणि 1941 साली ‘द शायेन वे’ या पुस्तकात ते छापले. सिनेमाने आपल्याला पिसांचे टोप घालून आरोळ्या देणारे स्वार दाखवले. या पुस्तकात दिसतात ते लोक वेगळ्याच कामात गुंतलेले आहेत. लढाई वर्षातून काही दिवसांची. उरलेला वेळ तळ हलवताना रांग मोडू न देणे, शिकारीत शिस्त राखणे, भांडणे मिटवणे, समारंभाच्या वेळी गर्दी आवरणे, यात जाई. योद्धामंडळांचे रोजचे काम म्हणजे आपल्याच माणसांचा बंदोबस्त.

शायेन लोकांमध्ये अशी पाच-सहा मंडळे होती: खोकड, एल्क हरिण, ढाल, धनुष्याची दोरी आणि कुत्रा, उत्तरेकडच्या शायेनांमध्ये ‘वेडे कुत्रे’ नावाचे आणखी एक. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की आवडेल त्या मंडळात जाई. जन्माने ठरवून दिलेले असे काही नव्हते. टोळी ही नात्यागोत्याची असते. मंडळात मात्र वेगवेगळ्या टोळ्यांची माणसे शेजारी शेजारी बसत. त्यामुळे कुठल्याही दोन टोळ्यांत तेढ आली, तरी दोन्हीकडे एकाच मंडळाची माणसे असत आणि समाज फुटत नसे. प्रत्येक मंडळाची स्वतःची गाणी, स्वतःचे नाच, अंगावर रंगवायची स्वतःची रीत. बहुतेक मंडळांत चार मुलींना बहिणींचा मान देऊन सामील करून घेत. सगळ्यांच्या वर चव्वेचाळीस सरदारांची सभा असे. हे सरदार शांततेचे प्रमुख. कोणत्या वेळी कोणत्या मंडळाने बंदोबस्त पाहायचा, ते ही सभा ठरवी.

नियम करणेही मंडळांकडे येई. ‘लांडगा पहुडतो’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका माणसाचा घोडा त्याच्या मित्राने न विचारता नेला. परत आणीन याची खूण म्हणून त्याने आपले धनुष्यबाण मागे ठेवले होते. वर्ष उलटले तरी घोडा आला नाही. तेव्हा त्या माणसाने आपल्या एल्क मंडळापुढे गाऱ्हाणे घातले. मंडळाने निरोप धाडला. मित्र आला, त्याने उशिराचे कारण सांगितले, वर आणखी एक घोडा दिला आणि दोस्ती टिकली. पण मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. यापुढे मालकाला विचारल्याशिवाय कोणी घोडा न्यायचा नाही, नेला तर मंडळ तो परत आणील आणि परत न देणाऱ्याला फटके देईल, असा सर्वांसाठीचा कायदा त्याच बैठकीत झाला. न्यायालय नाही, लिखित घटना नाही, आणि तरी तक्रारीपासून कायद्यापर्यंतची सगळी वाट एकाच मंडळापुढे पुरी झाली. मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

कुत्रा मंडळाची कीर्ती सगळ्यांत दूर गेली. या मंडळातल्या चार निवडक शूरांना कमावलेल्या कातड्याचा, साळिंदराच्या काट्यांनी आणि पिसांनी मढवलेला आठ-दहा फुटी पट्टा मिळे. तो एका खांद्यावरून घातला की त्याचे टोक मागे जमिनीवर लोळे. लढाईत आपले लोक मागे हटू लागले की पट्टेवाल्याने घोड्यावरून उतरायचे, लाकडी खुंटीने ते टोक जमिनीत ठोकायचे आणि तिथेच उभे राहून लढायचे. खुंटी त्याने स्वतः उपसायची नाही. मंडळातल्या सोबत्याने येऊन ती उपटली आणि चाबूक मारून त्याला हाकलले, तरच तो जागा सोडू शके. जिवावर उदार होण्याची ही परमावधी; पण सुटकेचा अधिकार सोबत्याच्या हातात ठेवलेला, हे विसरू नये. 1864च्या नोव्हेंबरात सँड क्रीकला अमेरिकी फौजेने शायेन आणि अरापाहो यांच्या शांत तळावर कत्तल केली. त्यानंतर प्रतिकारात कुत्रा मंडळ पुढे होते. 11 जुलै 1869 रोजी समिट स्प्रिंग्जला त्यांचा नायक टॉल बुल मारला गेला आणि या मंडळाचे लढवय्येपण तिथे संपले.

शेजारच्या समाजांतही हीच रीत वेगवेगळ्या रूपांत होती. लकोटांचे बंदोबस्त पाहणारे ‘अकीचिता’, कायोवांच्या दहा श्रेष्ठ वीरांचे ‘कोइत्सेंको’, क्रो लोकांतली एकमेकांवर कायम चढाओढ करणारी ‘कोल्हा’ आणि ‘ओंडका’ ही मंडळे. मँडन आणि हिडात्सा यांच्याकडे वयानुसार पायऱ्या असत आणि खालच्या पिढीने वरच्या पिढीकडून मंडळातली जागा रीतसर विकत घ्यायची असे.

आता मुंबईकडे वळू. गिरणगावात अशी मंडळे कुठली, असे विचारले तर पहिले नाव तालमीचे येईल. लाल मातीचा हौदा, मारुतीची तसबीर, जोर-बैठका काढणारी कोकणातली आणि घाटावरची पोरे. तालमीचा वस्ताद, त्याचा आश्रयदाता दादा आणि त्या दादाची गल्ली हे एकमेकांत गुंतलेले असत. घोडपदेवचे केशव बोरकर हे 1920च्या दशकातले असेच गाजलेले दादा. 1929च्या संपात ते गिरणी कामगार युनियनच्या विरोधात उभे राहिले. त्याच्या आधी मोहरमच्या टोळ्या होत्या. मोहल्ल्यामोहल्ल्यातून त्या ताबुतांपुढे निघत आणि एका मोहल्ल्याची टोळी दुसरीशी भिडे. पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी 1912च्या सुमारास त्या बंद पाडल्या. दादरला शिवाजी पार्कावर 1925 पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथला मल्लखांब जगभर पोचला. आजची गोविंदा पथके आहेत. थरावर थर चढवणाऱ्या त्या पोरांची शिस्त आणि एकमेकांवरचा भरवसा पाहण्यासारखा आहे.

ही सगळी मंडळे जोमाची. पण त्यांची निष्ठा मुख्यतः गल्लीशी, मोहल्ल्याशी. आमची गल्ली विरुद्ध तुमची गल्ली, हा त्यांचा प्राण. शायेन मंडळांचे वैशिष्ट्य उलट होते: विखुरलेल्या तुकड्यांना बांधून एक समाज उभा करणे, आणि त्या समाजाच्या मोठ्या प्रसंगी बंदोबस्त राखणे. हे काम मुंबईत केले ते बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतल्या समता सैनिक दलाने. त्याची मुळे परळच्या चाळींत आहेत आणि त्याहून खोल, कोकणातल्या पेन्शनर सुभेदारांच्या घरांत.

ती मुळे पाहायची तर जरा मागे जावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. 1 जानेवारी 1818च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तिथल्या स्तंभावर आहेत, आणि त्यांतली बावीस महारांची आहेत. गावात सावलीचा विटाळ मानला जाणाऱ्या माणसाला फौजेत गणवेश मिळाला, हुद्दा मिळाला, पेन्शन मिळाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिपायांच्या मुलामुलींना पलटणीच्या शाळेत शिक्षण मिळाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक आणि सुभेदार होते. दापोली, महाड, दासगाव या भागांत निवृत्त लष्करी माणसांची वस्ती झाली. लिहिता-वाचता येणारी, कवायत ठाऊक असलेली, साहेबापुढे ताठ उभी राहणारी ही माणसे होती.

मग 1890च्या दशकाच्या आरंभी ‘लढवय्या जाती’ नावाचे नवे तत्त्वज्ञान आले आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी 1894 साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर, 1921 साली, मोडली.

नेमक्या याच काळात अमेरिकेच्या माळावर काय चालले होते ते पाहा. 1883 पर्यंत गव्यांचे मोठे कळप संपले. ज्या शिकारीचा बंदोबस्त मंडळे करत ती शिकारच उरली नाही. समाज राखीव जमिनींत कोंडले गेले. 1878 साली अमेरिकी काँग्रेसने तिथे ‘इंडियन पोलीस’ ठेवायला परवानगी दिली आणि योद्धामंडळांत वाढलेली काही माणसे सरकारी बिल्ला लावून आपल्याच लोकांवर पहारा करू लागली. 15 डिसेंबर 1890 रोजी लकोटांचा नेता सिटिंग बुल मारला गेला तो अशाच पोलिसांच्या गोळीने. दोन आठवड्यांनी वूंडेड नी येथे अमेरिकी फौजेने लकोटांची कत्तल केली. दोन खंडांतल्या, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या या समाजांपुढे एकाच दशकात एकच प्रश्न उभा राहिला: सैनिकपण अंगात मुरलेले आहे आणि सैनिकाचे काम काढून घेतले आहे, तर त्या शिस्तीचे करायचे काय?

महाडला त्याचे उत्तर मिळाले. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती उभी करण्यात रामचंद्र बाबाजी मोरे हा त्या भागातला तरुण पुढे होता. 20 तारखेला बाबासाहेबांच्या मागे लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवणासाठी थांबलेल्या, परतीला निघालेल्या लोकांवर लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव तुटून पडला. बाबासाहेब डाक बंगल्यात होते. त्यांच्याभोवती जमलेल्यांत पलटणीतून आलेली माणसे होती, ज्यांनी परदेशच्या आघाडीवर गोळ्या झेलल्या होत्या. एक शब्द मिळाला असता तर महाडच्या रस्त्यांवर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. बाबासाहेबांनी त्यांना रोखले. आणि ती माणसे थांबली.

त्या थांबण्याला मी या प्रकरणातली मध्यवर्ती घटना मानतो. चिडलेला जमाव थांबत नाही. हुकूम मानायची सवय असलेली तुकडीच थांबते. हल्लेखोरांवर खटला झाला, काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि तळ्याच्या हक्काचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयात 1937 साली अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ही कायद्याची वाट उघडी राहिली ती मार्चमधल्या त्या संयमामुळे.

समता सैनिक दल आकाराला आले ते महाडच्या याच धामधुमीच्या काळात. डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रहासाठी दुसरी परिषद ठरली तेव्हा तयारी वेगळ्याच दर्जाची होती. स्वयंसेवकांची नोंदणी झाली, त्यांच्याकडून प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगावच्या बंदरावर उतरली आणि तिथून महाडपर्यंत पाच मैल पायी गेली. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. 25 तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. दिवाणी न्यायालयाने तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली होती. हजारो माणसे सत्याग्रहाला आतुर असताना तो तहकूब करायचा निर्णय झाला आणि त्यांनी तोही पाळला. गावातून मिरवणूक काढून सगळे परत फिरले.

मुंबईत या चळवळीचे केंद्र परळ. बहिष्कृत हितकारिणी सभेची पहिली बैठक 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये झाली. बाबासाहेबांचे कार्यालयही तिथेच. राहायला ते पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, लहानशा दोन खोल्यांत. दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ 1930च्या दशकात झाले. आसपासच्या चाळींत महार कामगार दाटीने राहत होते. गिरणीत त्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून काढावे लागे, आणि त्यांचे ओठ लागलेला धोटा इतर विणकरांना चालत नसे. जास्त पगार त्याच खात्यात होता. गोदी, रेल्वे, नगरपालिकेची सफाई, गिरणीतली कमी पगाराची खाती, अशी विखुरलेली ही माणसे, वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली, आपापल्या गावकऱ्यांच्या खोल्यांतून राहणारी. दलाने त्यांना एका रांगेत उभे केले. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, नाशिकचा, असा भेद त्या रांगेत नव्हता. पाळी सुटल्यावर कवायत आणि लाठी होई, शिकवायला लष्करात राहिलेली माणसे असत, आणि सभा असेल त्या दिवशी सगळे बंदोबस्ताला हजर.

तो काळच स्वयंसेवक दलांचा होता. हर्डीकरांचे हिंदुस्थानी सेवा दल 1923चे, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ 1925चा, सरहद्दीवरचे खुदाई खिदमतगार 1929चे, राष्ट्र सेवा दल 1941चे. पण समता सैनिक दलाची गरज या सर्वांहून निकडीची होती. अस्पृश्यांची सभा उधळली, मंडप पेटवला, वक्त्यावर दगड आले, तर मदतीला येणारे गाव नव्हते आणि पोलिसांची वाट पाहण्यात अर्थ नसे. सभा शांतपणे पार पडणे हाच तिथे पराक्रम होता. मंडपाच्या चारी बाजूंनी हातात काठी घेऊन उभा राहिलेला, आणि ती काठी न उगारणारा माणूस त्यासाठी लागे.

1938 साली मुंबईने या शिस्तीचे मोठे प्रदर्शन पाहिले. जानेवारीत खोती नष्ट करा म्हणत कोकणातले हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून आले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला, खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. परळच्या कामगार मैदानावरच्या सभांत आंबेडकर, डांगे, जमनादास मेहता एका व्यासपीठावर होते. ज्या गिरण्यांत सवर्ण आणि अस्पृश्य कामगार एका साच्यावर उभे राहू शकत नव्हते, त्या गिरण्यांच्या फाटकांपुढे त्या दिवशी ते एकाच बाजूला होते.

1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि वलंगकरांच्या अर्जापासूनचे मागणे अखेर पुरे झाले. बाबासाहेबांनी तरुणांना भरती व्हायचे आवाहन केले होते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद आणि समता सैनिक दलाची परिषद अशा तिन्ही एकापाठोपाठ भरल्या. दलाच्या परिषदेत बाबासाहेब अहिंसेविषयी बोलले. अहिंसा त्यांना मान्य होती, पण लाचारीला अहिंसा म्हणणे मान्य नव्हते. तुकोबांचा आधार घेऊन त्यांनी सांगितले, की सर्व भूतांविषयी प्रेम जितके अहिंसेत येते, तितकाच दुर्जनांचा बंदोबस्तही येतो. सामर्थ्य हवे आणि त्याला शीलाचा लगाम हवा, हा त्यांचा आशय. महाडच्या डाक बंगल्यात जे घडले होते त्याचीच ही पंधरा वर्षांनंतरची मांडणी आहे.

शायेन मंडळांना जशी आपली गाणी होती तशी दलाच्या वस्त्यांनाही होती. भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव चळवळ नेली. वामनदादा कर्डक (1922–2004) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीहून मुंबईत आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, समता सैनिक दलात स्वयंसेवक झाले. अक्षरओळख त्यांना तरुणपणी या चाळीतच झाली. मग त्यांनी हजारो गाणी लिहिली. निरक्षर म्हणून चाळीत आलेला माणूस तिथे शाहीर होतो, त्यामागे चाळीतली ही कवायतीची, सभेची, गाण्याची दुनिया होती.

फरकही सांगायला हवा, नाहीतर तुलना फसवी होईल. शायेन मंडळांची आपल्या समाजावर खरी सत्ता होती. ती चाबूक मारत, घोडा मारत, आणि कधी त्यांचा अतिरेकही होई. एका घोडेचोर तरुणाला धनुष्याची दोरी मंडळाने इतके बडवले, आणि उघड्यावर नागवा सोडून दिले, की ‘हाय बॅक्ड वुल्फ’ या सरदाराने त्याला घरी नेऊन कपडे आणि घोडे दिले नसते तर तो मेलाच असता. दलाकडे अशी सत्ता कधीच नव्हती. त्याचे ऐकायचे की नाही हे समोरच्या माणसाच्या मर्जीवर. दलाचा सगळा अधिकार लोकांच्या मनातल्या आदरातून आलेला, आणि तो आदर मुख्यतः बाबासाहेबांच्या शब्दाचा.

म्हणून 14 ऑक्टोबर 1956ला नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेच्या वेळी लाखोंच्या समुदायात जी व्यवस्था राहिली तिचे मला अप्रूप वाटते. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, 7 डिसेंबरला, राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. गिरण्या ओस पडल्या होत्या, रस्त्यावर माणसांचा पूर होता, आणि ज्याच्या शब्दाने सगळे थांबत तो माणूसच गेला होता. त्या दिवशी दलाचे सैनिक रडत रडत रांगा लावत होते.

1972 साली याच वस्त्यांतून दलित पँथर निघाली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे लिहिणारे तरुण. नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. कवायतीपेक्षा त्यांचा भर आव्हानावर होता आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. वरळीच्या दंगलीनंतर, 10 जानेवारी 1974 रोजी, परळमध्ये मोर्चावर इमारतीवरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा तरुण मेला. तो इतिहास वेगळ्या प्रकरणाचा आहे.

अमेरिकेत योद्धामंडळे परत आली ती दुसऱ्या महायुद्धातून आणि कोरियातून आलेल्या सैनिकांमुळे. 1958 साली ओक्लाहोमात कायोवांनी आपले ‘काळे पायमोजे’ मंडळ पुन्हा सुरू केले. अमेरिकेच्या सैन्यात लढून आलेले कायोवा पुरुष त्याचे सभासद. आजही ते लाल शेले घालून नाचतात, गेलेल्या सैनिकांची आठवण ठेवतात. गवे नाहीत, शत्रूच्या टोळ्या नाहीत, तळ हलवायचे नाहीत, मंडळ आहे.

आणि दादरला 6 डिसेंबर आहे, बाबासाहेबांचा स्मृतिदिन. आदल्या दिवसापासून शिवाजी पार्कावर विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसे येऊ लागतात. चैत्यभूमीची रांग कित्येक तास चालते. 1971 साली बांधलेल्या त्या छोट्या स्तूपापुढे समता सैनिक दलाचे लोक मानवंदना देतात, रांगेला दोर धरतात, हरवलेल्या पोराला आईकडे पोचवतात, म्हाताऱ्यांना हात देतात. पोलीस असतातच. पण आपल्या माणसाने ‘ताई, जरा सरकून घ्या’ म्हटले की जे होते ते शिट्टीने होत नाही. रिपब्लिकन पक्षाप्रमाणे दलाच्याही फळ्या पडल्या आहेत आणि एकाच नावाने एकाहून अधिक संघटना चालतात, याचे वाईट वाटते. 

होबेल 1935 साली टंग नदीच्या राखीव वस्तीत गेले तेव्हा गव्यांच्या शिकारीचा बंदोबस्त डोळ्यांनी पाहिलेली माणसे ऐंशीच्या घरात होती. त्यांच्याशी बोलता आले म्हणून त्या दोन पोरांच्या मेलेल्या घोड्यांची आणि परत मिळालेल्या बंदुकांची हकिकत आपल्याला कळते. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी आता पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. 1956च्या त्या दिवशी रांग लावायला उभे असलेले तरुण आज नव्वदीच्या आसपास आहेत आणि त्यांतले काही याच चाळींतून नव्या इमारतींच्या विसाव्या, तिसाव्या मजल्यावर राहायला जाणार आहेत. त्यांच्याकडे जायचे ते याच वर्षी.